श्वासाचं पाणी

जानेवारी. ओस्ट्राव्हा. सकाळचे सात.
खिडकीबाहेर धुकं नाही, धूरच आहे,
कोकच्या भट्ट्यांचा, लोकरीत मुरणारा.
आज ट्राम फुकट, असं रेडिओवर सांगितलं,
म्हणजे हवा फारच वाईट.

वेंडेलीन कालुझा, वय एकसष्ट,
आमच्या यादीत नुसते द-३७,
मफलर सोडतात, पायऱ्यांची धाप खाली बसू देतात,
नाकाला चिमटा लावायच्या आधी विचारतात,
"द्राहोमीरा, आजपण पंधरा मिनिटं?"
आजपण.

काम तसं सोपं आहे.
नळीत श्वास सोडत राहायचा, नेहमीसारखा.
जोर नको, घाई नको, बोलणं तर नकोच.
नळी बर्फाहून गार.
आतली ऊब तिच्या भिंतीला लागते आणि रडू लागते.
नाही, रडत नाही. पाणी होते.
अहवालात मी असले शब्द लिहीत नाही.

डिसेंबरातला नमुना मला फेकावा लागला.
त्यात लाळ उतरली होती,
कारण दहाव्या मिनिटाला त्यांनी
गजावर बसलेल्या कावळ्याला शिवी दिली.

पंधरा मिनिटांचं दीड मिलिलिटर,
चहाच्या चमच्याचा तळ जेमतेम झाकेल इतकं.
त्यात शोधायचं हायड्रोजन पेरॉक्साइड,
माझी बहीण केस भुरे करायला लावते ते,
खरचटलेल्या गुडघ्यावर फेसाळतं ते,
फक्त इतकं थोडं
की यंत्रालाही दोनदा विचारून घ्यावं लागतं.

पहिल्या दिवशी मी समजावत होते:
प्राणवायू, त्याचे मोकाट सुटलेले कण,
पेशींच्या कडा कुरतडणारे...
"गंज म्हणा की सरळ," ते म्हणाले.
हसले, तेव्हा छातीत बारीक शिट्टी वाजली.
एकतीस वर्षं त्यांनी पुलांचा गंज खरवडला,
दोरीला लटकून, खाली काळी नदी,
तोंडावर फडकं, तेही उन्हाळ्यात नाही.
"ज्याच्यावर जगायचं त्यानंच खायचं.
लोखंडाला हे कधीचं ठाऊक आहे.
तुम्हाला त्यासाठी पदवी लागली."

आज नमुना स्वच्छ आला.
यंत्र घरघरलं, पडद्यावर आकडा उमटला.
"किती?"
"सांगता येत नाही. नियमात बसत नाही."
"माझाच तर श्वास आहे."
"एकट्या आकड्याला अर्थ नसतो, कालुझा.
दीडशे जणांचे शेजारी-शेजारी मांडले
की मग कुठे रेघ दिसते."
"आणि रेघेला धाप लागते का?"

यावर मी काही बोलले नाही.
लेबल चिकटवत राहिले, जरा जास्तच नीट.

"आम्ही हातोडीनं मोजायचो," ते सदरा सारखा करत म्हणाले.
"धड लोखंड टणकन वाजतं.
आतून खाल्लेलं नुसतं धप्प म्हणतं,
वरचा रंग कितीही नवा असू दे."
मग बोटाचं पेर वाकवून
त्यांनी स्वतःच्या छातीवर टकटक केलं,
डावीकडे, उजवीकडे, मान कलती करून,
तुळईला कान लावावा तसं.
"काय ऐकू आलं?" मी विचारलं.
"नियमात बसत नाही," ते म्हणाले.

मी पडदा थोडासा त्यांच्याकडे वळवला.
चष्मा त्यांनी घरी विसरला होता.
तरी बराच वेळ पाहत राहिले,
ओळखीच्या माणसाचा जुना फोटो पाहावा तसे.

आता ती नळी उणे ऐंशीत आहे,
बेकरीतल्या झ्देन्का बाईंच्या आणि
शाळेच्या रखवालदाराच्या नळ्यांमध्ये.
तिथे कोणी कोणाच्या खोकल्यानं जागं होत नाही.

हात धुताना मी खाली पाहिलं.
ते थांब्यावर उभे होते,
दर दोन-तीन सेकंदांनी तोंडातून
पांढरा ढग सुटत होता, विरत होता,
पुन्हा सुटत होता,
कितीतरी मिलिलिटर,
आणि त्याखाली नळी धरायला कोणी नव्हतं.
आठ नंबरची ट्राम आली.
कावळा मात्र गजावरच होता.