चिमूटभर

लष्करात मे महिना. दुपारचे दोन.
पाण्यातून कागदापर्यंत येता येता
ब्रश निम्मा वाळतो.
तरी मी देवदार उभे करते:
खोडांना काजळी करडा, सावलीला नीळ,
बर्फाला काहीच नाही.
बर्फ रंगवायचा नसतो,
कागदावर सोडून द्यायचा असतो.
एवढं कळायला अकरा कागद गेले.

ते रान एकदाच पाहिलंय.
चौतीस वर्षांपूर्वी,
उसने बूट, दोन नंबर मोठे,
पुढे बोंगिरवार सर, काठी टेकत.
एका फांदीवरचं ओझं घसरलं,
धप्प.
फांदी वर उडाली, जराशी हलत राहिली.
मग पुन्हा कुणीच नाही.
तो आवाज कुठल्या रंगात कालवतात
मला अजून माहीत नाही.

स्वयंपाकघरातून मीठ आणते,
ओल्या निळ्यावर भुरभुरवते.
कण कण रंग पितो,
भोवती पांढरं काहीतरी उमलत जातं.
रामकली भांडी टाकून डोकावते:
कापूस आहे का, ताई?
मी हो म्हणते.

तेवढ्यात कूलरचा शिंतोडा
नेमका वाटेवर पडतो.
वाट फुगते, पसरते, जाते.
फडकं उचलते, तसंच ठेवते.
त्या दिवशी परततानाही
आमच्याच पावलांचे ठसे
आम्हाला सापडले नव्हते.
सर हसले होते, पण
काठी जरा घट्ट धरून.

रात्री पानावर बसल्यावर
हे म्हणतात,
आमटी अळणी झालीय.