खांब नंबर सत्तावीस

ग्रिम्स्बीत माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.
लायसन्सवाला म्हटलं की पुरतं.
गळ्यात ओळखपत्र, काखेत फॉर्मांची फाइल,
आणि चालण्याची काहीतरी ढब,
जी म्हणे कोपऱ्यावरूनच कळते.

टीव्ही बघायचा तर वर्षाचे पैसे भरायचे,
एवढंच सांगायला जातो मी.

दार किलकिलं होतं. साखळी तशीच.
'आमच्याकडे टीव्हीच नाही,' डेन्झिल क्रॅब्ट्री सांगतो,
आणि त्याच्या पाठीमागून कुणीतरी खणखणीत विचारतं,
पेरू देशाची राजधानी कोणती?
'लिमा,' डेन्झिल म्हणतो. मागे वळूनही न बघता.
आत टाळ्या पडतात.
आम्ही दोघं बराच वेळ
पायपुसण्याकडे बघत राहतो.

शेजारच्या दाराला पत्रांसाठी फट.
तिच्यातून एक बारीक आवाज:
'आई म्हणते आम्ही घरी नाही.'

आणि जे दार सताड उघडतात
ते तर ऐकवायलाच उघडतात.
बातम्या लंडनच्या, नाटकं लंडनची,
आमच्या गोदीचं नाव निघतं ते कुणी बुडाल्यावर.
कौन्सिल कर घेते आणि कचरा नेते पंधरवड्यानं,
वाचनालयाला कुलूप, रस्त्याला खड्डे,
आता तुझ्या खोक्याचेही आम्हीच द्यायचे?
मी मान हलवतो. ते खोटं बोलत नाहीत.
ज्या तलावात मी पोहायला शिकलो
तिथं आता सतरंज्यांचं दुकान आहे,
आणि माझाही कर दहा हप्त्यांत जातो,
दर हप्त्याला एक शिवी घालून.

कॉर्डेज स्ट्रीटवर फक्त विनिफ्रेड ओल्डरशॉ
माझी वाट बघते.
बघते म्हणजे, तिला दिसत नाही.
आंधळ्यांना लायसन्स अर्ध्या पैशांत,
ती पावती बिस्किटांच्या डब्यात, वर्षांच्या क्रमानं.
'अर्धे कशाचे घेतात रे?' तिनं विचारलं.
'चित्र मला नकोच आहे. आवाज पुरा येतो.
मग आवाजाचे अर्धे, की चित्राचे माफ?'
मला सांगता आलं नाही.
तिनं चहा ओतला, बोटाचं टोक कपात बुडवून,
आणि म्हणाली, 'ते राहू दे. दारासमोरचा दिवा
तीन महिने बंद आहे. नंबर सत्तावीस.'

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारणार होतो.

'माणसं पायरीवर ठेचकाळतात,' ती म्हणाली.
'आधी नव्हती ठेचकाळत.
आणि नंबर खांबावर उठावाचा आहे, बोटांना लागतो.
कर भरते मी. दिवा लागायला पाहिजे.'

हे माझं काम नव्हे. तरी फोन लावला.
चव्वेचाळीस मिनिटं पियानो ऐकला.
मग एक मुलगी, सर्दी झालेली:
'सत्तावीस नंबर त्या गल्लीत दाखवत नाही हो.
खांब नीट बघून सांगता का?'

म्हणून रात्री गेलो. ओळखपत्र घरी ठेवून.
गल्लीत दिवा नव्हता, पण अंधारही नव्हता,
घराघरांच्या पडद्यांतून निळा उजेड
फरशीवर सांडत होता, थरथरत,
त्याच उजेडात मला खांब सापडला.
बोटं फिरवली. दोन असेल, किंवा सात,
गंजाचे पोपडे, आणखी काही कळेना.
शेवटी मोबाईलचा टॉर्च लावला.

कुणीतरी पडदा सरकवला असावा.
आधी क्रॅब्ट्रीची खिडकी विझली.
मग शेजारची. मग समोरची, वरची,
गल्लीच्या टोकापर्यंत एकामागून एक,
कुठं पोराला 'श्श' केलेलं ऐकू आलं,
आणि मी खांबाला हात लावून उभा,
सगळ्या कॉर्डेज स्ट्रीटवर काळोख करून.

विनिफ्रेडच्या घरात मात्र
हवामानाच्या बातम्या मोठ्यानं चालू होत्या.
उत्तर समुद्रावर वारा. सकाळी धुकं.
दृश्यमानता कमी.

सत्तावीसच होता.