आधी मला विचारा

काल संध्याकाळी प्रिंटर मुका होता.
आज सकाळी आण्णांनी बटण दाबलं
आणि भोगावकर फाउंड्रीचं बिल
सरळ बाहेर आलं, भाजल्या पापडासारखं गरम.

खूश व्हायचं सोडून आण्णा उठले, दाराची कडी बघून आले.
"रात्री कोण आलतं?"

कुणी नाही आण्णा. त्याचं त्यानंच दुरुस्त केलंय.

"त्याचं त्यानं?"
चाळीस वर्षं उद्यमनगरात त्यांनी ऑइल इंजिनं खोलली.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला,
डोळे मिटून सांगायचे: टॅपेट सैल झालाय, आत कुणीतरी दात खातंय.
एकही इंजिन त्यांनी असं पाहिलं नव्हतं
जे मध्यरात्री उठून स्वतःचा नट आवळून
पुन्हा गपगार झोपलं.
"बरं, काय बिघडलं होतं ते तरी सांगितलं काय?"

मी सेटिंग्ज उघडली. सिस्टीम, त्यात ट्रबलशूट,
त्यात एक बंद चौकट, दाबली की खाली उघडणारी.
बोंद्रेनगरच्या पोरानं मशीन बसवताना
काय निवडून ठेवलं, आम्ही कधी बघितलंच नव्हतं:

आपोआप दुरुस्त करा, मला कळवू नका.

आण्णांनी ओळ वाचली. परत वाचली,
बोट पडद्यावर टेकवून. ग्रीस सुटून सहा वर्षं झाली,
नखाच्या कडेचं काळं अजून गेलेलं नाही.
मग म्हणाले, "ही तर तुझी आई."

आई आत मिक्सरशी भांडत होती, ऐकलं नाही तिनं.

कासम मुल्लाणी कामावरून निघून गेला होता एका वर्षी,
पान्हा फेकून, आण्णांच्या बापाचा उद्धार करून.
दहाव्या दिवशी, सोमवारी, उजाडताना तो शटरपाशी उभा.
"स्वतःहून आला," आण्णा सगळ्या गल्लीला सांगत सुटले,
"खरा माणूस, स्वतःहून आला."
पुढं कासमच्या लेकीच्या निकाहात,
बिर्याणीचं ताट हातात असताना, कळलं:
आदल्या रविवारी वहिनी के.एम.टी.नं कसबा बावड्याला आल्या होत्या,
लेकीला स्वेटर घेऊन. दोन तास बसल्या. चहा नको म्हणाल्या.
आण्णांनी ताट तसंच धरून ठेवलं होतं.
घरी येऊन काही बोलले नाहीत.
आईपण नाही.

चौकटीच्या खाली, बारीक अक्षरात: इतिहास पाहा.
पाहिला.
आवाज, दोनदा. नेटवर्क. परत नेटवर्क. घड्याळ मागं पडलेलं.
प्रिंटर, रात्री दोन वाजून अकरा मिनिटं.
"एवढं झालं," आण्णा म्हणाले, "आन् मी हितंच झोपलो होतो."

यादीत तळाला आणखी एक पर्याय होता, काहीच करू नका.
तरुणपणी त्यांनी तोच लावला असता. मी बाण तिथं नेला,
त्यांनी माझं मनगट धरलं.
"त्याच्या वरचं लाव. आधी विचारू दे."

गुरुवारी रात्री, अंथरुणं घालायच्या वेळेला, कोपऱ्यात पाटी आली:
बिघाड आढळला आहे. दुरुस्त करू का?
आण्णांनी चष्मा शोधला, खुर्ची ओढली,
मोठ्यानं वाचून दाखवलं,
मला नाही, आतल्या खोलीला.
मग 'हो' वर दाबलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पायांनी निघाली.

"झोपा की आता," आई आतून म्हणाली, "ते करतंय त्याचं त्याचं."

"करतंय की. पण एकट्याला कसं सोडायचं?"
आणि ते बसून राहिले, गुडघ्यावर हात ठेवून,
दुसरा मिस्त्री इंजिनाखाली शिरलाय
आणि आपण बॅटरी धरलीय, तसे.