वीस चौकटी आधी

पारोळ्याची ठगू शिंपीण
कोल्हापुरात जाऊन शशिलेखा झाली,
तेव्हा पहिल्यांदा तिचा ‘ळ’ दुरुस्त केला गेला.
जिभेखाली चिंचोका, समोर छडीवाले मास्तर:
केळ, बाळ, काजळ, आभाळ,
दिवसाला दोनशे वेळा.
आमच्याकडे केळ्याचं केयं होतं, डोळ्यांचे डोये,
कुणाचं काही अडत नाही.
नायिकेचं अडतं म्हणे.
स्वतःच्या गावाचं नावसुद्धा
तिला नव्यानं शिकावं लागलं.

मी धुडकू, तंबू टॉकीजचा मशीनवाला.
अमळनेर, धरणगाव, एरंडोल,
कार्बनच्या कांड्या जाळायच्या,
फिल्म तुटली की ब्लेडनं खरवडून, सोल्युशन लावून
फुंकर मारून चिकटवायची.
दर तुटीला दोन चौकटी जातात.
कोणी मोजत नाही.

तिसऱ्या सिनेमात
बैलगाडीचं चाक फिरतं,
मग दारात ती,
आणि म्हणते, ‘कायजी करू नका.’

कायजी.

दिग्दर्शकाला ऐकू आलं नाही, की उन्हं उतरत होती
आणि कच्ची फिल्म महाग होती, देव जाणे.
अमळनेरात मात्र अख्खा तंबू उठून उभा राहिला.
‘आपली शे! आपली शे ना ती!’
जिनिंगमधून थेट आलेली माणसं, केसांत कापूस तसाच,
आणि पडद्यावर चिल्लर.
‘धुडकूभाऊ, परत लाव!’
लावलं. चार वेळा.
धरणगावात आठवडाभर, रोज.
तिथंच फिल्म विरली, तिथंच तुटायला लागली.
नंदुरबारला पोचेतो
बाईंनी ओठ उघडले
की एकदम रात्रच व्हायची, पुढचा सीन.
लोक भांडायचे, ‘ती म्हणते ते कुठे गेलं?’
तुम्हीच खाल्लं, मी मनात म्हणायचो.

पुढं त्यांचंही तसंच होत गेलं.
नायिका, मग वहिनी,
मग ओवाळणीचं ताट धरून मागं उभी असलेली कोणीतरी,
मग पाटीवर ‘व इतर’.

भुसावळला पुतण्याच्या रेल्वे क्वार्टरात राहतात कळलं,
तेव्हा तपकिरीची डबी घेऊन गेलो.
तुकडे सगळे ठेवले होते. का, ते विचारू नका.
त्यांनी खिडकीशी जाऊन एक उजेडात धरला.
‘हे तर चाक आहे. मी कुठे?’

सांगितलं: आवाज चित्राच्या वीस चौकटी आधी छापतात, बाई.
तोंड मागून येतं.
ही कडेची नागमोडी रेघ, चाकाशेजारची,
ती तुम्ही.

नखानं चाचपली त्यांनी रेघ.
‘एवढीच?’
बाहेर मालगाडीचं शंटिंग चाललं होतं,
डबे एकावर एक आदळत लांबवर गेले.
‘दहा वेळा बरोबर म्हटलं होतं मी,’ त्या म्हणाल्या.
‘अकराव्यांदा दमले.’

डबी परत दिली नाही.
निघताना फडताळातून घड काढला,
दोन तोडून माझ्या हातावर ठेवली.
‘केळी घ्या,’ म्हणाल्या,
‘ळ’ इतका स्वच्छ
की मी खाली बघितलं.