हातचा

दिवे बदलायचे, असं मीच म्हणाले.
योशिहारु म्हणाला, माकूळ काय विजेचा हिशोब बघून येते?
मी वही त्याच्यापुढे सरकवली.

जुने दिवे बेचाळीस. प्रत्येकी तीन किलोवॅट.
काचेचे मोठाले भोपळे, दोन ओळींत टांगलेले,
पेटायलाच पाच मिनिटं खाणारे,
आणि तापल्या काचेवर लाटेचा शिंतोडा उडाला
की फट्. गेले चौदा हजार येन.
दिव्यांसाठी बोटीच्या पोटात धडधडणारा जनरेटर,
जनरेटरसाठी रात्रीला साडेतीनशे लिटर डिझेल,
डिझेलसाठी मच्छीमार सोसायटीची उधारी,
उधारीसाठी मी, चष्मा पुसत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.

शिवाय त्याचं तोंड.
नोव्हेंबरात, हाकोदातेच्या डोंगरावर बर्फ पडलेलं असताना,
रापून काळं, नाकाचं साल निघालेलं.
रात्री गॉगल लावून कामाला जाणारा नवरा
आमच्या बंदरात प्रत्येकीला होता,
त्यामुळे कुणी हसत नसे.

कंपनीचा माणूस आला, कादोवाकी. बूट फार स्वच्छ.
म्हणाला, एलईडीचा उजेड जिथे पाठवाल तिथेच जातो.
सांडत नाही.
मला तो शब्द पटला.
सांडलेलं मला कधीच चालत नाही,
तांदूळ असो, नाहीतर बोलणं.

पहिला आठवडा माकूळ रुसली.
योशिहारु घरी येऊन भिंतीकडे बघत जेवला.
मग भाच्यानं, रिन्तारोनं, दिव्यांचा कोन जरा उतरवला,
उजेड तिरपा पाण्यात घुसला, बोटीखाली सावली धरली,
आणि त्या सावलीत ती आली, जशी आधी यायची.
जास्त नाही. पण कमीही नाही.
डिझेल एकशे चाळीसवर. एकही काच फुटली नाही.
डिसेंबरात त्याची मान पांढरी निघाली,
मी ती कैक वर्षांनी पाहत होते.
घरातल्या टीव्हीचा आवाज सतरावरून अकरावर आला.
रिन्तारो म्हणाला, मामा बोटीवर गुणगुणतो,
इतकी वर्षं ऐकूच येत नव्हतं.
कर्ज पाच वर्षांचं होतं, साडेतीनमध्ये फिटेल.
तीनदा बेरीज केली. ताळा जमला.

फक्त खिडकी.
सव्वीस वर्षं मी रात्री दोनला पाणी प्यायला उठायचे.
तहान असायचीच असं नाही.
सामुद्रधुनीवर एक गावच्या गाव पेटलेलं असायचं,
ढगांचं पोट खालून उजळलेलं,
आणि डावीकडून तिसरी बोट आमची,
कारण तिचा एक दिवा पिवळट होता
आणि तो बदलायला योशिहारु दरवर्षी विसरायचा.

आता सगळ्यांनीच बदललेत. आमचं बघून.
दोनला समुद्र काळा.
नीट पाहिलं तर पाण्यालगत एक निळी रेघ,
शेजारच्या खोलीत कुणी जागं असलं
की दाराखाली दिसते तशी.
कुठली रेघ कुणाची, कसं कळावं?
उजेड सांडत नाही. खरं बोलला होता कादोवाकी.
मी उठायचं बंद केलं.
त्याला सांगितलं नाही; सांगण्यासारखं त्यात होतं काय?

काल फेब्रुवारीचं डिझेल मांडत होते.
नऊ लिटर जुळेनात.
गळती असेल म्हणून रिन्तारोला फोन लावला.
तो आधी गप्प. मग म्हणाला,
मामानं एक जुना दिवा ठेवलाय. तो पिवळट.
रोज दोनला लावतो, अर्धा तास. दोऱ्या तपासतो म्हणे.
दोऱ्या तर तो बघतही नाही, मामी.
नुसता किनाऱ्याच्या बाजूला उभा असतो.

शाळेत बाई सांगायच्या,
बेरीज चुकत नाही गं सुमिए, तू हातचा विसरतेस.

नऊ लिटरला रकाना सापडला नाही.
वही तशीच उघडी ठेवलीय.
गजर लावलाय. दोनचाच.
पेटायला त्याला तरी
पाच मिनिटं लागतातच.