पंपघरामागचा ढीग

सहमच्या अलीकडे, समुद्रापासून दीड किलोमीटरवर,
अरबाबाची चौदा फद्दान ऱ्होड्स
पूर्वेकडून मरत येते आहे.
आधी पात्यांची टोकं जळतात, मग बुंधा,
मग जमिनीवर पांढरं येतं,
उतू गेलेलं दूध चुलीवर वाळावं तसं.

मापक विहिरीच्या पाण्यात बुडवतो.
गेल्या साली सात. औंदा अकरा.
हुमैद बिन राशिद विचारतो, "किती?"
मी दोन्ही हातांची बोटं दाखवतो, वर एक.
तो समुद्राकडे बघतो,
न सांगता राहायला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा.

टेबलावर तीन पिशव्या.
पुन्हा ऱ्होड्स : महिन्याला कापणी, पण पाणी पिते म्हशीगत.
पास्पालम : खारं चालतं, शेळ्यांना मात्र चालत नाही,
तोंड लावून मान फिरवतात.
तिसरी सुदान गवताची. दर हंगामी नवा पेरा,
आणि कोवळ्यात जनावर सोडलं तर विष.
डिप्लोम्याचं पुस्तक अजून पाठ आहे मला.
पुस्तकात शेळीला मत नसतं.

त्या रात्री दुर मोहम्मद फाटकाची कडी लावायला विसरला.
साठ शेळ्या, नऊ गाई.
सकाळी ऱ्होड्स तशीच उभी,
आणि कुंपणाच्या तारेखालची पट्टी
न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखी साफ.

तिथं तेच होतं, जे मी दोन वर्षं
दर गुरुवारी संध्याकाळी उपटत आलो,
ठिबकच्या नळ्यांतून, बांधावरून, तण म्हणून,
आणि पंपघरामागं फेकत आलो.
"लबीद," दुर मोहम्मद म्हणाला. "हे इथलंच.
माझा बाप उंटासाठी हेच शोधत फिरायचा."

वाचलेलं एक कणीस तळहातावर चोळलं.
जांभळट, केसाळ.
नाव तोंडात आपसूक आलं, मराठीत :
अंजन.
दहिवडीच्या माळावर आमची मेंढरं
ज्याच्यावरून काठी घातली तरी हलत नसत, ते.
मला इथं यायला व्हिसा लागला,
रक्ताची तपासणी, दहा बोटांचे ठसे.
त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

बाजारात बी मिळेना.
शिवाय ताजं बी झोपलेलं असतं,
सहा-आठ महिने उगवायचं नाव घेत नाही.
जुनं हवं. जुनं कुठून आणायचं?
हुमैदनं मान वळवली. आम्ही तिघं पंपघरामागं गेलो.
माझ्याच हातांनी रचलेला ढीग,
खाली कुजलेला, वर खडखडीत,
मधल्या थरात बी. पोत्यानं.

पेरणीयंत्रात ते जाईना. केसात केस गुंततो, नळी तुंबते.
मग वाळूत कालवून मुठीनं फोकलं,
अरबाबानंही, दिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचून.

"एवढं हिरवं दिसणार नाही," मी आधीच सांगून टाकलं.
"पाहुणे आले तर शेत गरीब वाटेल."
"पाहुणे गवत खात नाहीत," तो म्हणाला.

पूर्वेच्या चार फद्दानांत हेही तगणार नाही,
मला ठाऊक आहे. त्यालाही असावं.
तेवढा तुकडा आम्ही पेरला नाही,
आणि त्यावर बोललोही नाही.

आज सोळावा दिवस.
रात्री मोजे काढताना घोट्याशी बोटाला लागलं
एक केसाळ बी. झटकणार होतो.
उठलो, दिवा लावला,
रिकाम्या काडीपेटीत ठेवलं.