ओला, सुका

आठची मराठी उपासना ईस्टरनंतर बंद झाली.
शेवटी शेवटी आम्ही नऊ जण होतो,
त्यातले दोघे आत उकडतं म्हणून बाहेर ओट्यावर.
आता एकच, दहाची, हिंदीतली.
मसीह साहेब म्हणाले, प्रभूला दोन्ही कळतात.
खरं आहे.
रडताना मला मात्र एकच येते.

म्हणून शनिवारी कपाट रिकामं करायचं ठरलं.
छावणीतल्या आमच्या देवळात
(बाबा चर्च कधी म्हणाले नाहीत, देऊळच म्हणायचे)
भिंतीतलं कपाट, त्यात भजनांची पुस्तकं,
एकशे बारा, वाळवीने शिवलेली.
इंदूरचा नियम देवळालाही आहे:
हिरव्या डब्यात ओला, निळ्यात सुका.
पंचांनी नावं वाचली. एक मी.
दुसरी रूथवहिनी.

मसीह साहेब नवे आहेत, त्यांना माहीत नसेल
की अकरा वर्षं आमच्यात नमस्कारही नाही.
आईच्या थडग्यावर दगड बसवला तेव्हा
खाली कोणाचं नाव आधी, एवढंच कारण.
पुढे दादा गेला, त्याचाही दगड बसला,
कारण आहे तिथेच.

वीज मंडळात दुबेबाई म्हणायच्या,
तुमचं बरं आहे हो ताई, दर आठवड्याला माफी,
आम्हाला जन्मोजन्म फेडायचं.
मी हसायचे. पोह्यांवर जिरावन भुरभुरायचे.
काय सांगणार?
की माफी मिळते, ती तशीच पडून राहते माझ्याकडे,
लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यासारखी, माळ्यावर,
पुढे कोणाला तरी द्यायला होईल म्हणून.

कपाटाच्या दोन टोकांना आम्ही दोघी.
ती पुठ्ठे सोडवत होती, मी पानं.
ओल धरून चिखल झालेली पुस्तकं
ओल्यात टाकायची की सुक्यात,
विचारायला तिसरं कोणी नव्हतं
म्हणून मी भिंतीला विचारलं.
भिंतीकडेच बघत वहिनी म्हणाली, सुक्यात.

मग बाबांचं पुस्तक निघालं.
खाकी कागदाचं कव्हर, आत शिसपेन्सिल, साल चौऱ्याहत्तर.
ता. ३ मार्च. घेतलं नाही. मनोहरशी बोलणं नाही.
ता. ७ एप्रिल. घेतलं नाही. तेच.
ता. ५ मे. तेच.
पानभर तेच. उलटलं तर मागेही तेच.

आम्ही पोरं समजायचो बाबा पितात,
म्हणून भाकर आणि प्याला आला की उठून जातात,
ओट्यावर बुटांच्या नाड्या बांधत बसतात.
आईही तसंच समजली असेल.
त्यांनी कोणाला सांगितलं नाही,
फक्त देवाला, तेही पेन्सिलीने,
खोडता येईल अशा बेताने.
शेवटच्या पुठ्ठ्यावर तारीख नाही:
मनोहर वारला. आता कोणाशी बोलू.

आणि मी अकरा वर्षं घेतेय.
महिन्याच्या पहिल्या रविवारी, पदर सावरून,
मी तिसऱ्या बाकावर, ती पहिल्या.
घशात कधी अडकलं नाही.

कचरागाडीचा भोंगा आला.
पोतं मला एकटीला उचलेना, तिने दुसरं टोक धरलं.
तिचे गुडघे दुखतात हे ठाऊक होतं,
पायऱ्यांवर मी जरा हळू उतरले.
गाडीवरचं पोरगं ओरडलं, मिक्स तो नहीं है ना, आंटी?
दोघी एकदम म्हणालो, नाही.
थोडं होतं.
बाबांचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं.
तिने पाहिलं होतं. मागितलं नाही.

परवा पहिला रविवार.
ताट मागच्या बाकांवरून सरकत माझ्यापाशी आलं,
मी तसंच पुढे दिलं.
मसीह साहेबांनी डोळ्यांनीच विचारलं, तब्येत?
पहिल्या बाकावरून एक मान वळली.
तिने घेतलं की नाही, मला माहीत नाही.
माझ्या पायात बूट नव्हते, नाड्या नव्हत्या.
चपलेचा पट्टा होता.
मी वाकून तो सोडला,
पुन्हा लावला,
पुन्हा सोडला.